निशाच्या ब्युरोची तपासणी

विशाखाला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं म्हणणारे लोक खोटं बोलतात. शेजारणीच्या पोराला नोकरी लागली की ही पेढे मागून घ्यायची. नणंदेनं चिकलठाण्याला फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांच्या आधी जाऊन हिनं तिथं झाडू मारला. जळायची ती फक्त एका बाईवर. पण त्या एकीवर अशी जळायची, की बाकी सगळ्यांची कसर तिथंच भरून निघायची.

ती बाई म्हणजे निशा.

दोघी एकाच वर्षी नर्सिंगला आल्या, होस्टेलवर एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या. विशाखा फर्दापूरकडची, निशा पैठणकडची. विशाखा पहिल्या परीक्षेपासून शेवटच्या परीक्षेपर्यंत पहिली, आणि निशा काठावर पास, तीही विशाखाच्या वह्या वाचून. आता तुम्हीच सांगा, कौतुक कुणाचं व्हायला पाहिजे होतं? पण तिथं लीलाबाई सिस्टर होती. सिस्टर शिकवायला होती, लग्न केलेलं नव्हतं, नर्सिंग हाच संसार. ती वॉर्डात शिरली की चालते-फिरते पेशंटसुद्धा घाईघाईनं खाटेवर जाऊन पडायचे. आणि या सिस्टरला कधी इंजेक्शन घ्यायचं झालं तर ते निशाच्या हातून. एकदा तर विशाखा सुई भरून, ट्रे घेऊन समोर उभी होती. सिस्टर म्हणाली, “तू ठेव ते. निशाला पाठव.”

झालं. नोकरी लागली, लग्न झालं, दोन लेकरं झाली, बढती मिळाली, पण ते वाक्य काही विशाखाच्या घशाखाली उतरलं नाही.

निशाला सरकारात कायमची जागा मिळाली नाही. ती कंत्राटावर होती, तेही संपलं, मग लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला लागली. खरं सांगायचं तर तेव्हा विशाखाला फार बरं वाटलं होतं. इतकं बरं वाटलं की तिनं स्वतःहून निशाला दोन घरं मिळवून दिली. पण झालं भलतंच. हाताखाली आधी चार बायका आल्या, चाराच्या चाळीस झाल्या. लेकरं पुण्याला नाहीतर परदेशात आणि आईबाप इथं अंथरुणाला, अशी घरं या शहरात काय कमी आहेत? बघता बघता सिडकोत ‘सोबत’ नावाची पाटी लागली, दारात पांढरी गाडी आली, आणि लग्नकार्यात लोक विशाखाला ओलांडून निशाताईंना नमस्कार करायला लागले. विशाखाचा नवरा राजकुमार वाळूजच्या कंपनीत होता, साधा माणूस. एकदा जेवताना बोलून गेला, की निशाताईंनी किती बायकांचे संसार उभे केले बघ. पुढचा आठवडाभर त्याच्या डब्यात कारलं होतं. का, ते त्याला अजून कळलेलं नाही.

आणि मग तो नवा नियम आला.

घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणारे ब्युरो शहरात कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते. कुणीही उठावं, नाक्यावरच्या बाईला एप्रन घालावा आणि नर्स म्हणून पाठवावं. म्हणून सरकारनं नोंदणी सक्तीची केली. बाई शिकलेली पाहिजे, पोलिस पडताळणी झालेली पाहिजे, गळ्यात ओळखपत्र पाहिजे, आणि ज्या बाईचं नाव नोंदलंय तीच घरात पाहिजे. तपासणीच्या समितीवर आरोग्य खात्याकडून विशाखाची नेमणूक झाली. वर एक डॉक्टरसाहेब होते, पण ते अहवालाची शेवटची ओळ वाचून सही करायचे, आणि ती ओळ विशाखा लिहायची. काम ती चोख करायची, त्यात शंका नको. एका ब्युरोच्या बाईनं पेशंटला खाटेला बांधून ठेवलेलं तिनं स्वतः बघितलं होतं आणि त्याच दिवशी त्या ब्युरोला टाळं लावलं होतं.

असं असताना एके दिवशी ‘सोबत’चा अर्ज तिच्या टेबलावर आला. विशाखा देव मानत नव्हती, नाहीतर त्या दिवशी तिनं नारळ फोडला असता.

ती न सांगता गेली. निशानं तिला बघून उठून मिठी मारली, विशे म्हणाली, चहा मागवला. तो चहा विशाखानं घेतला नाही. तिनं प्रशिक्षणाचे दाखले बघितले, पडताळणीचे कागद बघितले, दोन बायकांना उभं करून प्रश्न विचारले. सगळं जागच्या जागी. तांदळातून खडे निवडावेत तसं ती निवडत बसली, पण एक खडा हाती लागेल तर शपथ. जुनी मैत्रीण आहेस, सांभाळून घे, असं निशा म्हणाली असती तरी विशाखाला जरा समाधान झालं असतं. निशानं तेही म्हटलं नाही. ती आपली शांत बसून एका पेशंटच्या मुलीला फोनवर धीर देत होती, आणि त्या शांतपणानं विशाखाचं डोकं जास्तच तापलं.

नियमाप्रमाणं एका पेशंटच्या घरी अचानक जाऊन बघायचं असतं. विशाखानं भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेल्या पत्त्यांतून जवळचा म्हणून चिकलठाण्याचा एक पत्ता सांगितला. निशानं फोन कानावरून खाली घेतला.

“तिथं आज नको, विशे. दुसरीकडं कुठंही जा.”

विशाखाच्या अंगावरून मोरपीस फिरलं. सापडला! सापडला एकदाचा खडा.

“तिथंच जाणार. आणि तू तिथं फोन करायचा नाही.”

निशानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

जालना रोडवर गाडी पळवताना विशाखाला किती आनंद झाला होता, ते सांगायला लाज वाटावी. मनातल्या मनात तिनं अहवालसुद्धा लिहायला घेतला होता. पत्ता एका बैठ्या घराचा निघाला. दार उघडलं ते एका म्हातारीनं. तोंडात मिश्री, गुडघ्यावर एक हात, अंगावर ना एप्रन ना ओळखपत्र. विशाखानं तिला क्षणभरानं ओळखलं. दगडाबाई! त्यांच्या शिकायच्या काळातली वॉर्डातली आया. ही अजून जिवंत आहे हेच नवल होतं. आणि दगडाबाईच्या मागं, खिडकीखालच्या खाटेवर, लीलाबाई सिस्टर पडली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ते काही नीट जुळलं नाही, आणि तेव्हापासून सिस्टर अंथरुणाला खिळली होती. एवढीशी झाली होती. डोळे मात्र तेच.

असं वाटेल की आपली सिस्टर अशी पडलेली बघून विशाखाला आधी वाईट वाटलं असेल. वाटलं, पण नंतर. आधी आलं ते हे, की निशानं मला सांगितलं नाही. सिस्टर या गावात, माझ्या घरापासून एवढ्याशा अंतरावर पडून आहे, आणि निशानं तिला एकटीनंच स्वतःजवळ ठेवून घेतली. तेव्हाही तीच आणि आत्ताही तीच.

मग विशाखा तपासणीला लागली. सिस्टरला नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत दगडाबाईकडं वळली. शिक्षण किती, प्रशिक्षण कुठं घेतलं, ओळखपत्र कुठंय, पोलिस पडताळणी झाली का. पोलिसाचं नाव ऐकून दगडाबाई बिथरली. मी काय कुणाचं सोनं चोरलं काय, म्हणाली, आणि जाऊन मोरीजवळ बसली. खोलीत शिरल्या शिरल्या विशाखाला एक वास आला होता. मिश्रीचा असेल म्हणून तिनं तो सोडून दिला. ती खुर्चीत बसून लिहीत होती. नोंदणी नसलेली बाई, प्रशिक्षण नाही, पडताळणी नाही, वय झालेलं. एकेक ओळ लिहिताना तिला जेवल्यासारखं वाटत होतं. सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीवर तिनं लिहायला घेतलं, की नोंदणी नाकारण्यात यावी.

“झालं का तुझं लिहून?” खाटेवरून सिस्टरनं विचारलं.

“झालंच, सिस्टर.”

“आल्यापासून दगडाकडंच बघायलीस. पेशंट कोण आहे इथं? इकडं ये, माझी पाठ बघ.”

विशाखाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची आधी पाठ बघायची असते, हे नर्सिंगची पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल. तिनं पेन ठेवलं, हात धुतले, सिस्टरला हलकेच भिंतीकडं कुशीवर वळवलं आणि गाऊन वर केला. माकडहाडावरची कातडी गेली होती. जखम ताजी होती, फार खोल नव्हती, पण लाल होती आणि कडा पांढऱ्या पडल्या होत्या. वास तिचा होता.

दगडाबाई मोरीजवळून रडायलाच लागली. एकटीला वळवता येत नाय गं, म्हणाली, गुडघे साथ देत नायत, अन् कुणाला सांगायचं नाय म्हणून या बाईनं मला शपथ घातलीय. सिस्टरनं तिला गप्प बस म्हणून दटावलं.

कपाटात ब्युरोनं ठेवलेलं ड्रेसिंगचं सामान होतं. विशाखानं जखम धुवायला घेतली. हात आपोआप चालायला लागले, आणि हात चालायला लागले की माणसाला बोलता येतं. तिनं विचारलं, निशाला हे दिसलं कसं नाही?

सिस्टर भिंतीकडं तोंड करूनच बोलत होती. निशा रोज येते, तिनं सांगितलं. आली की पाठ बघू म्हणते. मग मी म्हणते, आत्ताच पुसून घेतलंय, गुमान बस आणि चहा घे. माझ्यापुढं तिची जीभ आजही उचलत नाही. तिनं शिकलेल्या तीन पोरी पाठवल्या होत्या. गुणी होत्या तिघी, पण त्यांच्याशी बोलायचं काय? दगडाला वॉर्डातली खाट न् खाट आठवते. निशा म्हणाली, हे नियमात बसत नाही. मी म्हणाले, नियम तुझ्या ऑफिसात ठेव, मला दगडा पाहिजे. तुला काही कळवायचं नाही, हेही तिला मीच बजावलं होतं.

“मला का नाही?”

“तू पहिल्या दिवशी पाठ बघितली असतीस आणि दगडाला घरी पाठवलं असतंस.”

“मग आता का दाखवली?”

“आता लई दुखायलंय गं,” सिस्टर म्हणाली. “निशाला दाखवली असती तर ती पाय धरून रडत बसली असती. रडणाऱ्या माणसाकडनं काम होत नाय. तू लिहिशील, अन् आजच्या आज बंदोबस्त करशील.”

विशाखानं गॉज ठेवलं, टेप लावला. इतक्या वर्षांत सिस्टरनं तिला दिलेली ही पहिली शाबासकी, आणि तीही भिंतीकडं तोंड करून. मग तिच्या तोंडून तो प्रश्न निसटला. विचारायचा नाही, मेले तरी विचारायचा नाही, असं ठरवलेला प्रश्न.

“सिस्टर, तुम्ही इंजेक्शन नेहमी निशाकडनंच का घ्यायचात?”

सिस्टरला हसू आलं, उशी हलली. “तिचा हात थरथरायचा. पेशंट बोंबलायचे, डॉक्टर म्हणायचे हिला काढून टाका. कुणाच्या तरी दंडावर शिकायला पाहिजे होतं तिला. माझा दंड काळानिळा व्हायचा. तुला काय शिकवायचं होतं? तू घरनं शिकून आल्यासारखी होतीस.”

आता एवढं ऐकल्यावर कुणाचंही मन निवावं की नाही? निशाचा हात चांगला म्हणून नव्हे, वाईट म्हणून बोलावत होते. विशाखा जिंकलीच होती की, पहिल्या दिवसापासून. पण मत्सर असा कारण सांगितलं म्हणून उठून जात नसतो. विशाखाला वाटलं, म्हणजे निशासाठी सिस्टरनं स्वतःचा दंड सुजवून घेतला. माझ्यासाठी काय केलं? मला एकदा तरी चुकू द्यायचं होतं. मलाही कुणीतरी रागवायला, हात धरून शिकवायला पाहिजे होतं. मी पहिली आले हा काय माझा गुन्हा? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सिस्टरचं तोंड भिंतीकडं होतं हे एक बरं झालं.

तिनं सिस्टरला सरळ केलं नाही, कुशीवरच उशी लावून ठेवलं आणि दर थोड्या वेळानं कूस बदलायची, असं दगडाबाईला बजावलं. निघताना सिस्टर म्हणाली, “जे आहे तेच लिही. माझ्यासाठी खोटं लिहू नको, अन् तिच्यासाठी बी नको.”

सिडकोत ऑफिसखाली गाडी लावून विशाखा कितीतरी वेळ सीटवरच बसून राहिली. मांडीवर अहवाल. ‘नोंदणी नाकारण्यात यावी’, ही ओळ अर्धी लिहून झालेली. ती पुरी केली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. पेशंटला जखम झालेली आहे, नियम मोडलेला आहे, डॉक्टरसाहेबांनी चहा पिता पिता सही केली असती. उद्या पाटी उतरली असती. निशाची मान खाली गेली असती, सगळ्या गावासमोर. हे एवढंच तर हवं होतं.

पण पाटी उतरली की उद्यापासून सिस्टरला कुशीवर कोण वळवणार? दगडाबाई? आणि त्या बाकीच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना? ज्या ब्युरोच्या बाईनं पेशंटला खाटेला बांधलं त्या ब्युरोला टाळं लावताना विशाखाचा हात अडला नव्हता. इथं अडला. तिनं ती ओळ खोडली. जखम लिहिली, दगडाबाई लिहिली, काही लपवलं नाही. खाली लिहिलं, की त्रुटी दूर करण्यासाठी मुदत द्यावी, त्या घरी आजच प्रशिक्षित बाई ठेवावी, दगडाबाईंनी फक्त सोबतीला बसावं, आणि फेरतपासणी दर आठवड्याला व्हावी. फेरतपासणी कोण करणार, तिथं स्वतःचं नाव घातलं. मोठी उदार झाली होती असं समजू नका. दर आठवड्याला सिस्टरकडं जायचा हक्क तिनं सरकारी शिक्क्यासकट मिळवला होता.

वर गेली तर निशा तिथंच बसलेली. फोन अजून पालथाच. विशाखानं अहवाल तिच्यापुढं ठेवला. निशानं त्याला हात लावला नाही. दगडाबाईचं मान्य आहे, म्हणाली, चूक माझी आहे, काय करायचं ते कर.

“सिस्टरच्या पाठीला जखम झालीय, निशे. माकडहाडावर.”

निशा उठली आणि परत खाली बसली. विशाखा बघत राहिली. आता ही रडेल. मग विचारेल, की नोंदणीचं काय झालं, बायकांचं काय होणार, विशे काहीतरी कर. त्याचं उत्तर विशाखानं जिना चढतानाच तयार ठेवलं होतं. घाबरू नको, मी आहे, असं मोठ्या मनानं म्हणायचं होतं.

निशा रडली नाही. नोंदणीचं नाव तिनं काढलं नाही. तिनं मान वर केली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, “तुला बघू दिली तिनं?”

विशाखाला आधी कळलंच नाही.

“मी रोज जाते,” निशा म्हणाली. “रोज म्हणते, सिस्टर, पाठ बघू द्या. मला हात लावू देत नाय ती. तुला कशी दाखवली?”

मी बळंच बघितली, माझी ड्युटीच होती, असं म्हणायला काय जात होतं? एवढं म्हटलं असतं तर निशाचा जीव भांड्यात पडला असता. विशाखाच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं.

“मी मागितली नव्हती,” ती म्हणाली. “तिनंच बोलावून दाखवली. म्हणाली, निशाला नको.”

निशाचा चेहरा कसा झाला, ते विशाखाला बघावं लागलं नाही. त्या चेहऱ्याच्या आतनं कसं वाटतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ओठ आवळलेले, नजर भलतीकडंच, आणि काहीच झालं नाही असं दाखवायची धडपड. निशानं उठून ड्रॉवरमधून चिकलठाण्याला पाठवायच्या पोरीचा नंबर काढला. तो लावताना तिचा हात थरथरत होता. विशाखा दारात उभी राहून बघत होती, आणि इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो आनंद काही केल्या येत नव्हता.